बंदरावर उतरावे की जहाजावरच थांबावे?

पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा : "लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलाने आम्हा दोघांना आणि माझ्या नणंदेला भूमध्य समुद्रातील सात रात्रींची क्रूझ भेट दिली आहे. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोआ, रोमसाठीचे बंदर आणि नेपल्स करीत जहाज पुन्हा बार्सिलोनाला येते. तिकिटे झाली, व्हिसा आला, आणि आता यजमानांनी नवेच काढले आहे. त्यांच्या एका मित्राचे पाकीट आणि पासपोर्ट बार्सिलोनात चोरीला गेल्यापासून ते म्हणतात की, एकतर जहाजावरच थांबायचे, नाहीतर जहाजाच्याच सहलीने, त्यांच्याच बसने जायचे. नेपल्सला तर पाऊलच ठेवायचे नाही. नणंदबाईंना नेपल्सजवळचे पॉम्पेई हे प्राचीन शहर पाहायचेच आहे. पासपोर्ट, पैसे, कार्डे, सगळे एका कमरेच्या पाऊचमध्ये घालून सतत अंगावर ठेवायचे, असेही यजमानांनी ठरवले आहे. माझे मंगळसूत्र सासूबाईंनी घातलेले, मी ते कधीच काढलेले नाही. आम्ही काय करावे? आणि तिथे कोणत्या प्रकारच्या लोकांपासून जपून राहावे?"

उत्तर :

तुमच्या यजमानांची भीती निराधार नाही, हे आधी सांगते, म्हणजे माझे पुढचे म्हणणे त्यांना वाचून दाखवताना तुमची अडचण होणार नाही. मात्र ज्याला ते भीत आहेत त्याचे स्वरूप त्यांनी थोडे वेगळे धरले आहे, असे मला वाटते. तुम्ही ज्या बंदरांना जाणार आहात तिथे पर्यटकाला जो त्रास होतो तो बहुतेक वेळा पाकीटमारीचा असतो. त्यात शस्त्र नसते, धमकी नसते, आणि घडले हे पुष्कळदा अर्ध्या तासाने कळते. मार्सेयमधील गोळीबाराच्या ज्या बातम्या आपल्याकडेही येतात, त्या मुख्यतः अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या आपसातील वैराच्या आणि बहुतांशी शहराच्या उत्तरेकडील वस्त्यांमधल्या असतात. जुने बंदर आणि टेकडीवरचे नोत्र-दाम द ला गार्द चर्च पाहून परतणाऱ्या प्रवाशाचा त्यांच्याशी सहसा संबंध येत नाही. म्हणजे जपायचे आहे ते जिवाला नव्हे, हातातल्या वस्तूंना आणि लक्षाला. हा फरक नीट ध्यानात घेतला की तयारीही वेगळी करावी लागते.

क्रूझच्या प्रवाशावर चोराचा डोळा का असतो, याचे कारण साधे आहे. कोणते जहाज कोणत्या दिवशी किती वाजता लागणार, हे महिनोन् महिने आधी जाहीर असते. त्यातून काही हजार माणसे सकाळी एकदम बाहेर पडतात, ठरावीक चार-पाच ठिकाणीच जातात, त्यांच्याजवळ परदेशी चलन असते आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेला ती परत जाणार हे नक्की असते. चोरी झाली तरी यांतले किती जण पोलीस ठाण्यात दोन तास बसतील? आणि खटल्याच्या साक्षीसाठी पुन्हा कोण येईल? स्पेनच्या कायद्यात ४०० युरोंपर्यंतच्या साध्या चोरीला किरकोळ गुन्हा मानून सहसा दंडाचीच शिक्षा आहे. त्यामुळे बार्सिलोनातील ला रांब्ला या प्रसिद्ध रस्त्यावर आणि तिथल्या मेट्रोत हे काम करणारी माणसे नोकरीला यावे तशी रोज येतात.

ते काम कसे चालते हे एकदा जवळून पाहा. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकात पॉम्पेईकडे जाणाऱ्या चिर्कुमव्हेझुव्हियाना या लोकल गाडीला गर्दी असते. गाडी येते, सगळे दाराकडे सरकतात. तुमच्या पुढे चढलेला माणूस दारातच अडखळतो, किंवा काहीतरी पडल्यासारखा खाली वाकतो. तुम्ही थांबता. मागून दोघे-तिघे "गाडी सुटेल" अशा घाईने रेटतात. त्या रेट्यात एका हाताचा स्पर्श तुम्हाला वेगळा असा जाणवतच नाही. दार बंद होण्याच्या आत पुढचा माणूस "गाडी चुकली वाटते" अशा चेहऱ्याने उतरून जातो आणि तुमचे पाकीट फलाटावर राहते. दादरला संध्याकाळच्या लोकलमध्ये चढलेल्या कुणालाही यात नवे काही वाटणार नाही. गंमत अशी, की तिथे आपण आपोआप पर्स पोटाशी धरतो आणि युरोपात पोहोचलो की इमारतींकडे बघत ती पाठीवर सोडून देतो.

दुसरा प्रकार सौजन्याचा. तुमच्या खांद्यावर पांढरट, ओले काहीतरी पडते आणि त्याच क्षणी एक सभ्य जोडपे कागदी रुमाल घेऊन पुढे येते. पक्ष्याने घाण केली म्हणून हळहळते, पुसू लागते. ती घाण पक्ष्याची नसते. अशा वेळी आभारही न मानता चालत राहावे आणि डाग एखाद्या दुकानात शिरून स्वतः पुसावा. हाच नियम सह्या मागणाऱ्या मुलींना, मनगटात दोरा बांधू पाहणाऱ्यांना आणि साध्या कपड्यांत येऊन "पोलीस, पाकीट दाखवा" म्हणणाऱ्यांनाही लावा. खरा पोलीस तुमच्या पैशांची तपासणी भर रस्त्यात करत नाही. "पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो" एवढे म्हटले की तोतया बहुधा निघून जातो. रांब्लावर तीन वाट्यांखाली गोळी लपवण्याचा जुगार दिसला तर बघत थांबूसुद्धा नका, कारण जिंकणारा माणूस त्यांचाच असतो आणि तुमच्या मागे उभा असलेलाही बरेचदा त्यांचाच.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याच्या मुळाशी असलेले गृहीत मला थोडे खटकले. कोणत्या "प्रकारच्या" लोकांपासून जपावे, याचे उत्तर चेहऱ्यात, कातडीच्या रंगात किंवा मळक्या कपड्यांत शोधू नका. पाकीटमार निवांतपणे काम करू शकतो तो पर्यटकासारखा दिसतो म्हणूनच: हातात नकाशा, डोक्यावर टोपी, अंगावर तुमच्या मुलाच्या जाकिटासारखे जाकीट, पुष्कळदा बरोबर एक स्त्री. कोपऱ्यात बसलेल्या भिकाऱ्याकडे डोळे लावून बसलात तर हा माणूस तुम्हाला दिसणारच नाही. शिवाय आपण तिथे परक्या देशातले सावळे पाहुणे असणार. आपल्याकडे बघून कुणी पर्स घट्ट धरली तर आपल्याला कसे वाटेल, हेही मनात असू द्या. माणसे ओळखण्यापेक्षा प्रसंग ओळखा. अनोळखी माणूस विनाकारण हाताच्या अंतरात आला, कुणी अचानक थांबवले, कुणी लक्ष दुसरीकडे वळवले, की आधी हात पर्सवर जावा.

यजमानांच्या पाऊचबद्दल मात्र मी स्पष्टच बोलणार आहे. त्यांच्या मित्राची जी हकीकत तुम्ही कळवली आहे, तिच्यात मला एकच प्रश्न पडला: त्या दिवशी पासपोर्ट बरोबर नेण्याची गरज होती का? पाकीट गेले तर सहलीची मजा जाते, पण पासपोर्ट गेला तर सहलच जाते. भारतीय दूतावास अशा वेळी जे तातडीचे प्रमाणपत्र देतो ते मायदेशी परतण्यापुरते असते. नवा पासपोर्ट हवा असेल तर थांबावे लागते आणि व्हिसाचा प्रश्न वेगळाच. म्हणून सगळे मौल्यवान एका पाऊचमध्ये घालून ते दिवसभर अंगावर वागवणे ही खबरदारी नव्हे; एकाच झटक्यात सगळे जाईल अशी ती व्यवस्था आहे. वर कमरेच्या पाऊचला मधूनमधून हात लावून "आहे ना" असे चाचपण्याची सवय सगळ्यांनाच लागते आणि बघणाऱ्याला कुठे काय आहे ते कळते.

जहाजाच्या केबिनमध्ये छोटी तिजोरी असते. व्हिसा लागणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट तर अनेक जहाजांवर चढतानाच ताब्यात घेतात आणि शेवटी परत करतात. तुमच्या जहाजावर तसे नसले तर ते तिजोरीत ठेवा. एखाद्या बंदरावर मूळ पासपोर्ट लागणार असेल तर जहाजाकडून तशी सूचना येते. आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षात विचारून घेतलेत की शंका उरत नाही. उतरताना जवळ असावे ते इतकेच: जहाजाचे कार्ड, कारण त्याशिवाय परत चढता येत नाही, पासपोर्टच्या फोटोच्या आणि व्हिसाच्या पानांची छायाप्रत, एक कार्ड, आणि त्या दिवसापुरते युरो. दुसरे कार्ड आणि उरलेली रोकड तिजोरीत. तिघांनी पैसे वाटून घ्यावेत, म्हणजे एकाचे गेले तरी टॅक्सीपुरते दुसऱ्याकडे राहतील. आपल्या आया-आज्या परकराला आणि ब्लाउजला चोरखिसा शिवून घेत, तो शिंप्याकडून आजही शिवून मिळतो आणि विमानतळावर मिळणाऱ्या महागड्या पट्ट्यांपेक्षा मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. पुरुषांनी पाठीमागच्या खिशात काहीही ठेवू नये. "बायकांच्या पर्सवरच डोळा असतो" या समजुतीचा फायदा चोर नेमका तिथे घेतात.

मोबाइलचा विचार वेगळा करावा लागेल, कारण आपला सारा जीव आता त्यात असतो. उपाहारगृहाच्या बाहेरच्या टेबलावर फोन ठेवायचा नाही. कुणीतरी नकाशा किंवा कागद दाखवायला येते, तो फोनवर पसरते आणि कागद उचलताना फोनही उचलते. चोरीला गेलेल्या फोनमध्ये तुमचे सिमकार्ड असेल तर बँकेचे ओटीपीही चोराच्याच हाती पडतात. निघण्यापूर्वी मुलाला सांगून फोनला पडद्याचे कुलूप आणि सिमलाही पिन लावून घ्या, आणि बँकेचे मदत-क्रमांक एका कागदावर लिहून त्याची एक प्रत केबिनमध्ये ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचे परदेशातील व्यवहार ग्राहकाला स्वतःच चालू-बंद करता येतात आणि त्यांची मर्यादाही ठरवता येते. ही मर्यादा रोजच्या खर्चापुरती ठेवावी. हे काम यजमानांकडे सोपवा. ज्याला काळजी वाटते त्याच्या हाती काहीतरी करण्यासारखे दिले की निम्मी काळजी कामाला लागते.

मंगळसूत्राबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण तुमच्या पत्रातला खरा सल तोच आहे, असे मला वाचताना वाटले. ते काढावे की नाही, हे मी ठरवणार नाही. मात्र काही गोष्टी लक्षात घ्या. "सोन्याऐवजी खोटे घातले की झाले" असे पुष्कळ जणी म्हणतात. पण स्कूटरवरून हिसका मारणाऱ्याला खरे-खोटे पारखायला वेळ नसतो, आणि गळ्याला होणारी जखम दोन्ही वेळा खरीच असते. तेव्हा प्रश्न सोन्याचा नसून दिसण्याचा आहे. लहान काळ्या मण्यांची पोत बंद गळ्याच्या कुर्त्याच्या आत किंवा वर ओढणी गुंडाळून घातली तर तुमचा नियमही मोडत नाही आणि रस्त्यावर काही दिसतही नाही. मोठे मंगळसूत्र मुलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जाणे सर्वांत चांगले. बरोबर न्यायचेच असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते सोने तिकडून आणल्याचा प्रश्न उद्भवणार नाही, आणि जहाजावरच्या समारंभाच्या रात्री ते मनसोक्त घाला. पाटल्या मात्र घरीच राहू द्या.

जहाजाच्या सहलींबाबत यजमानांशी मी अर्धी सहमत आहे. त्यांचा मोठा फायदा सुरक्षिततेचा नसून वेळेचा आहे: कंपनीची बस अडकली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते, तुम्ही स्वतंत्रपणे गेलेले असाल तर थांबत नाही. चोरीच्या दृष्टीने मात्र चाळीस जणांचा घोळका, वर धरलेले निशाण, सगळ्यांच्या कानात मार्गदर्शकाचा आवाज आणि सगळ्यांचे डोळे एकाच घुमटाकडे, ही काही वाईट वेळ नव्हे, चोराच्या बाजूने पाहिले तर. म्हणून बसने जा, पण बसमधून उतरल्यावर पर्स पुढे घेण्याचे विसरू नका.

प्रत्येक बंदराला एकच नियम लावण्याचेही कारण नाही. रोमसाठीचे बंदर म्हणजे चिविताव्हेक्किया. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे आणि आगगाडीने साधारण तास-सव्वा तास लागतो. गाडी चुकण्याची, संप निघण्याची शक्यता धरता तिथे जहाजाची सहल घ्यावी. तेर्मिनी स्थानकावरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे, तीही आपोआप टळेल. मार्सेयला क्रूझचे धक्के शहराच्या जुन्या बंदरापासून बरेच किलोमीटर दूर आहेत, तेव्हा पायी निघू नका, बसनेच जा. जिनोआत मत्स्यालय आणि जुने बंदर सहज जमते. तिथल्या अरुंद गल्ल्या पाहण्यासारख्या आहेत, पण त्या दिवसाउजेडी, माणसांची वर्दळ असताना पाहाव्यात.

आणि ज्या नेपल्सला उतरायचेच नाही असे ठरले आहे, ते खरे तर उतरायला सर्वांत सोपे आहे. जहाज शहराच्या मध्यभागीच लागते. धक्क्याच्या इमारतीतून बाहेर आलात की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला दिसतो, आणि काचेच्या छताची उंबेर्तो गॅलरी व सान कार्लो नाट्यगृह तिथून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. यजमानांना गर्दीत फिरायचे नसेल तर त्यांनी तुमच्याबरोबर एवढेच पाहावे, कॉफी घ्यावी आणि तासा-दोन तासांत परत यावे. नणंदबाईंनी जहाजाच्या सहलीतून पॉम्पेईला जावे. तिघांनी सगळीकडे एकत्रच फिरले पाहिजे, हाही तुमच्या पत्रातला एक न बोललेला हट्ट आहे. टॅक्सी घेतलीत तर पांढरी, मीटरची, अधिकृत टॅक्सीच घ्या. नेपल्समध्ये नेहमीच्या ठिकाणांसाठी नगरपालिकेने ठरवलेले ठोक भाडे असते, ते हवे असल्याचे बसण्यापूर्वीच सांगावे लागते. रस्त्याने चालताना पर्स भिंतीच्या बाजूला, वाहनांच्या बाजूला नको. आणि कुणी हिसका दिलाच तर सोडून द्या. पट्टा मनगटाला गुंडाळून धरला की माणूसच ओढला जातो. या वयात पडल्यावर मोडलेले हाड पर्सपेक्षा फार महाग पडते.

जहाजावर परतण्याची अंतिम वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाने मोजतात. त्याच्याही तासभर आधी धक्क्यावर पोहोचायचे, असे ठरवून टाका. घाईतला माणूस जवळचा रस्ता म्हणून भलत्या गल्लीत शिरतो, दिसेल त्या गाडीत बसतो, उघडी राहिलेली चेन बघत नाही. आणखी एक गोष्ट फारसे कुणी करत नाही: जहाजावर गोव्यातली आणि आपल्याकडची मुले-मुली कामाला असतात. ही माणसे दर आठवड्याला त्याच बंदरांवर उतरतात. जेवणाच्या टेबलाशी येणाऱ्या एखाद्या गोंयकाराला आदल्या रात्री विचारा, "उद्या कुठे जावे, कुठे जाऊ नये?" प्रवास कंपनीच्या माहितीपत्रकात नसलेले बरेच काही कळेल.

इतके करूनही काही गेले तर क्रम असा ठेवा. आधी कार्ड बंद करा, फोन गेला असेल तर मग तो बंद करा, मग पोलीस. आपत्कालीन क्रमांक फ्रान्स, इटली आणि स्पेन तिन्हीकडे ११२ च आहे. पोलिसांकडचा लेखी तक्रारअर्ज घेतल्याशिवाय निघू नका, कारण प्रवासविम्याचा दावा त्याच्यावर चालतो. मात्र व्हिसासाठी तुम्ही जो विमा काढला असेल तो मुख्यतः औषधोपचाराचा असू शकतो, तेव्हा सामान आणि पासपोर्टचा समावेश त्यात आहे का, हे आजच पाहून घ्या. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर त्या बंदरातील प्रतिनिधीचा क्रमांक छापलेला असतो, त्याचा फोटो रोज सकाळी काढून ठेवा आणि कागदही खिशात असू द्या. माद्रिद आणि रोम येथे आपले दूतावास आहेत, मिलानला वाणिज्य दूतावास आहे आणि फेब्रुवारी २०२५ पासून मार्सेयमध्येही आहे.

शेवटी अशा गोष्टीकडे लक्ष वेधते, जिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. बंदरांवर उतरण्याच्या दिवसांत तुमचे बहुतेक सगळे जहाजावर सुरक्षित असेल. पण बार्सिलोनाला पोहोचण्याच्या दिवशी आणि तिथून परतण्याच्या दिवशी पासपोर्ट, रोकड, कार्डे, औषधे आणि बॅगा हे सारे तुमच्याबरोबर रस्त्यावर असणार, आणि अंगात रात्रभराच्या विमानप्रवासाचा शीण असणार. त्या दोन दिवशी मेट्रोने जाऊन पैसे वाचवू नका. विमानतळावरून काळ्या-पिवळ्या अधिकृत टॅक्सीने थेट हॉटेल, आणि हॉटेलवरून थेट धक्का. टॅक्सीत सामान चढवताना तिघांपैकी एकाने काहीही न उचलता फक्त हातातल्या बॅगांपाशी उभे राहायचे, हे काम नणंदबाईंना द्या. परतीचे विमान रात्रीचे असेल तर सकाळी जहाजावरून उतरल्यावर बॅगा ओढत रांब्लावर हिंडण्यापेक्षा सांत्स रेल्वे स्थानकावरील सामानघरात त्या ठेवा. पासपोर्ट मात्र तिथे ठेवू नका. तो त्या एका दिवसापुरता तुमच्या चोरखिशातच असू द्या.